कौमार्याची कसोटी वधूचीच का?

विवाहापूर्वी एचआयव्ही तपासणी करून घेण्याचा नियम अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारच्या ग्रामसभेने केला. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाणलोटाच्या कामाने नावारूपाला आलेल्या या गावाचा हा निर्णय आरोग्याचा होता, चारित्र्याचा नव्हे. विवाहाच्या उंबरठ्यावर समाजाने स्त्रीची आणखी एक परीक्षा शतकानुशतके घेतली. वराला मात्र ती कधीच द्यावी लागली नाही.

भारतीय परंपरेत कौमार्याची कल्पना सर्वत्र सारखीच ताठर नव्हती. प्रातःस्मरणीय पंचकन्यांतील अहल्या, द्रौपदी, तारा आणि मंदोदरी या विवाहिता असूनही ‘कन्या’ म्हणवल्या जातात. पाचवे नाव कुठे कुंतीचे, तर कुठे सीतेचे येते. कर्णजन्मानंतरही कुंतीचे कन्यात्व अबाधित राहिले, असे महाभारत सांगते. याउलट प्राचीन रोममध्ये वेस्टा देवीच्या कुमारिकेने व्रतभंग केल्यास तिला जिवंत पुरले जाई. महाराष्ट्रात ऋतुप्राप्तीपूर्वीच मुलीला उजवण्याच्या आग्रहातून बालविवाह रूढ झाले. १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले, तेव्हा आगरकर बाजूने, तर टिळक विरोधात होते.

या कल्पनेचे सर्वांत उघड रूप राज्यातील कंजारभाट समाजात दिसले. पहिल्या रात्रीनंतर पांढऱ्या चादरीवरील डागांवरून जातपंचायत वधूचा निवाडा करीत असे. २०१८ च्या सुरुवातीस याच समाजातील तरुणांनी या प्रथेविरुद्ध मोहीम उघडली आणि बहिष्कारही सोसला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा त्याआधी, २०१७ मध्येच लागू झाला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्य सरकारने कौमार्य चाचणी लैंगिक अत्याचार मानली जाईल, असे जाहीर केले.

मुळात ही चाचणी काहीच सिद्ध करीत नाही. योनिपटलाची ठेवण प्रत्येकीत वेगळी असते आणि पहिल्या संबंधावेळी रक्तस्राव होतोच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तिच्यावर बंदीची मागणी केली. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये ‘कौमार्याची लक्षणे’ हा भाग वैद्यकीय अभ्यासक्रमातून वगळला. बलात्कार पीडितांवरील ‘टू फिंगर’ चाचणी सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी पुन्हा निषिद्ध ठरविली. तरीही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कौमार्याचा विषय परतला. टीका झाल्यावर ती तत्त्वे काही दिवसांतच मागे घेण्यात आली.