औषध २००४ मध्ये आले, मोजमाप २०१८ मध्ये

१/ न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्याच्या तीन वर्षे आधी, १९८६ मध्ये, मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) यांच्या चमूने भारतातील पहिल्या एचआयव्ही बाधितांची नोंद केली होती.

२/ बंदरातले कंटेनर देशभर नेणारे ट्रकचालक आठवडेच्या आठवडे घराबाहेर असत. म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने ट्रकचालकांवर विशेष लक्ष दिले. उपचार मात्र अजून दूर होता.

३/ १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत औषधे मिळू लागली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक. अट एकच: गोळ्या रोज, आयुष्यभर.

४/ लांबच्या फेऱ्यांत हीच अट पाळणे सर्वांत कठीण. विषाणू स्वतःच्या प्रती काढताना चुका करतो. डोस चुकून रक्तातील औषध घटले, की औषधाला न जुमानणाऱ्या प्रती तगतात आणि वाढतात. हाच औषधप्रतिरोध.

५/ रुग्ण तेव्हाही धडधाकट दिसतो. सीडी-४ पेशी घटतात, पण उशिरा. रक्तातील विषाणू मोजणारी व्हायरल लोड चाचणी आधीच इशारा देते. २००८ मध्ये जे. जे. रुग्णालयात दुसऱ्या फळीची औषधे आली, तेव्हा ही चाचणी उपचार फसल्याचा संशय असलेल्यांचीच होई.

६/ २६ फेब्रुवारी २०१८ रोजी ती उपचारावरील सर्वांसाठी जाहीर झाली. मिलिलिटरमागे १००० हून अधिक प्रती आढळल्यास आधी समुपदेशन, मग फेरतपासणी, गरज पडल्यास औषधबदल.

७/ मधल्या चौदा वर्षांत औषध हाती होते. ते निकामी होत असल्याचे वेळेवर कळण्याची सोय बहुतेकांना नव्हती.