भंगारात निघालेली बँडसॉ

आमच्या गावातली एक जुनी लाकडाची वखार नुकतीच बंद झाली. आतली बँडसॉ किलोच्या भावानं भंगारात निघाली होती. एका तरुण सुताराला ती हवी होती. बातमी मिळेल म्हणून मीही सोबत गेलो आणि घरी येऊन तिचा इतिहास वाचत बसलो.

वर-खाली दोन चाकं आणि त्यांवर फिरणारं पात्याचं बंद वेटोळं, एवढीच मूळ कल्पना. लंडनच्या विल्यम न्यूबेरीनं १८०८ साली तिचं पेटंट घेतलं. पण दुखणं पात्याचं होतं. चाकावरून सारखं वाकून ते जोडापाशी तुटायचं. जवळपास चाळीस वर्षं ही कल्पना अडकून पडली. १८४६ मध्ये अ‍ॅन पोलिन क्रेपँ या फ्रेंच बाईंनी पात्याची टोकं पक्की जोडायची रीत काढून पेटंट मागितलं. त्याचे हक्क पॅरिसच्या पेरँ कंपनीनं घेतले, पोलाद सुधारलं, तेव्हा कुठं बँडसॉ कामाची झाली. आज आपल्याकडचा कारागीर तुटलेल्या पात्याला जोड मारतो, पण या बाईंचं नाव किती जणांनी ऐकलंय?

आता वखारीत काय झालं ते सांगतो. सोबतचे म्हातारे मिस्त्री म्हणाले, "पोरा, रंग बघू नको, आवाज ऐक." पातं उतरवून त्यांनी चाकावर हलकेच हातोडी मारली. खणखणीत वाजलं तर बीड शाबूत, बद्द वाजलं तर तडा. मग चाक धरून हलवलं. खेळ लागला, म्हणजे बेअरिंग गेलेलं. "बेअरिंग बाजारात मिळतं रे, तडकलेलं बीड भरवशाचं राहत नाही." शेवटी चौकटीवर कुठं वेल्डिंगचा डाग आहे का, ते बोटानं चाचपलं.

एक गोष्ट विकत घेणाऱ्यांनी विसरू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशानंतर सॉ मिलच्या परवान्यांवर कडक नियंत्रण आलं. मशीन घेतलं म्हणजे ओंडके चिरायची परवानगी मिळाली, असं नाही. आधी वनखात्यात विचारा, मग पैसे मोजा.

चाकं खणखणीत वाजली. भंगारवाल्यापेक्षा थोडे जास्त देऊन पोरानं मशीन उचललं.

तुमच्या गावातली वखार बंद होत असेल, तर काटा लागायच्या आत एखाद्या जाणत्या मिस्त्रीला घेऊन जा. मशीनवरच्या नावाच्या पट्टीचा फोटो काढा. वजन भंगारवाला करतोच, किंमत आपण करायची असते.