कोमालाचा कानोसा

साल 1980. पॅरिसजवळच्या एका संगणक केंद्रात तुम्ही उभे आहात. समोर नकाशे काढायच्या टेबलाएवढा बोर्ड आणि त्याला जोडलेला संगणक. यंत्राचं नाव ‘यूपिक’. ते घडवणारा यानिस झेनाकिस हा ग्रीक संगीतकार मुळात इंजिनिअर. चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्ब्युझिएच्या कचेरीत त्याची उमेदीची वर्षं गेली.

बोर्डाचं पेन हातात घ्या. डावीकडून उजवीकडे काळ सरकतो, खालून वर स्वर चढतो. एक तिरकी रेघ ओढा. लगेच काही ऐकू येणार नाही, यंत्राला अजून हिशेब करायला वेळ लागतो. थांबा. मग आवाज येतो आणि कुठेही न टेकता वर चढत राहतो. तुम्ही म्हणाल, ही तर मींड. खरं आहे, पण आपली मींड एका स्वरावरून निघते आणि दुसऱ्यावर विसावते. इथे निघायलाही घर नाही आणि पोचायलाही नाही.

या बोर्डावर असल्या रेघांचं रान माजवणारा संगीतकार मेक्सिकोचा आहे, हुलिओ एस्त्रादा. रचनेचं नाव ‘एउआऑन’.

आता काटा मागे फिरवा. स्पेनच्या यादवीत प्रजासत्ताकवाले हरले तेव्हा मेक्सिकोने त्यांच्यातल्या हजारोंना आसरा दिला. एस्त्रादाचे आईवडील 1941 मध्ये असेच परागंदा होऊन आले आणि 1943 मध्ये मेक्सिको सिटीत हुलिओ जन्मला. रचनेचे धडे हुलियान ओर्बोनकडे. हा गुरूही स्पेनमध्ये जन्मलेला, क्युबामार्गे मेक्सिकोत आलेला. 1965 मध्ये एस्त्रादा पॅरिसला गेला. तिथे नादिया बुलांजेची कडक तालीम, मेसियांचा वर्ग आणि झेनाकिसची व्याख्यानं. त्या शहरात फार रेंगाळू नका. तिथे शिकून गेलेल्या संगीतकारांची यादी संपता संपत नाही.

1983 मध्ये या. मांडीशी चेलो घ्या आणि एस्त्रादाच्या ‘यूनोहुइयेइ’ची स्वरलिपी समोर ठेवा. बोटांनी कोणता स्वर दाबायचा एवढं सांगून ही लिपी गप्प बसत नाही. गज किती दाबायचा, तो तारेवर कुठे फिरवायचा, कंप किती द्यायचा, हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं आणि सगळं सतत बदलतं. एका माणसाच्या दोन हातांकडून हे मागणं जवळपास जुलूम आहे. तरी ते वाजवणारे निघाले.

संशोधक एस्त्रादा मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात, कलासंशोधनाच्या संस्थेत भेटतो. ‘मेक्सिकोचं संगीत’ या दहा खंडांच्या इतिहासाचं संपादन त्याचं. गणितातल्या गटांचा सिद्धांत संगीताला लावणारं 1984 चं पुस्तक त्याने होर्हे हिलबरोबर लिहिलं. ते ज्याला पचेल त्याने जरूर वाचावं. माझ्या लेखी त्याचं खरं संशोधन वेगळंच आहे, आणि त्यासाठी तुम्हाला 1955 मध्ये उतरावं लागेल.

त्या वर्षी हुआन रुल्फोची ‘पेद्रो पारामो’ ही कादंबरी आली. चला तिच्यातल्या कोमाला गावात. आईला दिलेल्या शब्दाखातर हुआन प्रेसियादो बापाला, म्हणजे पेद्रो पारामोला, शोधत इथे आलाय. ऊन रणरणतंय, गल्ल्या ओस. पण भिंतींच्या भेगांतून कुजबुज येते, कारण गावात बोलणारे सगळे मेलेले आहेत. ती कुजबुजच अखेर हुआनचा जीव घेते. पुढे पेद्रोचा जीव जिच्यात अडकलेला ती सुसाना सान हुआन मरते आणि घंटा वाजायला लागतात. त्या दिवसरात्र वाजत राहतात. त्या आवाजाला आजूबाजूच्या गावांतून माणसं लोटतात आणि सुतकाची जत्रा होते. चिडलेला पेद्रो पारामो हाताची घडी घालतो आणि गावाला उपाशी मारतो. एका आवाजाचा अर्थ लोकांनी चुकीचा लावला म्हणून गाव संपलं!

समीक्षकांनी या कादंबरीतली सरंजामी सत्ता पाहिली, मृत्यू पाहिला. एस्त्रादाने तिचा कानोसा घेतला. पाऊस, टापा, घंटा, प्रतिध्वनी आणि बोलता बोलता विरणारे आवाज यांचा त्याने माग काढला, आणि 1990 मध्ये ‘रुल्फोमधला ध्वनी’ हे पुस्तक आलं. मग त्याच मजकुरातून रेडिओसाठी ‘दोलोरितास’ आणि शेवटी ऑपेरा, ‘मुर्मुयोस देल पारामो’.

2006, माद्रिद. आईबापांनी सोडलेल्या देशात मुलाचा ऑपेरा उभा राहतोय. गाणी ऐकायला आला असाल तर निराश व्हाल. गळे कण्हतात, फुसफुसतात, घसरतात. स्तेफानो स्कोदानिब्बिओचा डबल बास, ट्रॉम्बोन आणि जपानी शो हे तोंडाने वाजवायचं वाद्य त्यांच्यात मिसळतं. ‘यूपिक’वरची ती न टेकणारी रेघ इथे मेलेल्यांचा आवाज झाली आहे. पुस्तक आधी आणि ऑपेरा नंतर, हा क्रम महत्त्वाचा: एस्त्रादाने रुल्फोला चाल लावली नाही, त्याच्यात आधीपासून असलेला आवाज बाहेर काढला. विसाव्या शतकात साहित्यकृतींवर रग्गड ऑपेरे झाले, पण इतक्या चिकाटीने मूळ मजकूर ऐकणारा रचनाकार मला दुसरा दिसत नाही.

परत आलात की ऑपेराच्या ध्वनिमुद्रणाकडे लगेच वळू नका. आधी रुल्फो वाचा. कादंबरी छोटीशीच आहे. मोठ्याने वाचा, शक्यतो रात्री.