पाठीमागचं शीट

मोटारसायकल आमच्या गावात आली आणि तिच्या मागोमाग 'लिफ्ट' हा शब्द आला. त्याआधी चालणं होतं आणि बैलगाडी होती. वाटेनं कुणी चाललेलं दिसलं की गाडीवान कासरा ओढायचा, "चला की पावणं, बसा," म्हणायचा. त्याला कुणी उपकार म्हणत नव्हतं. गाडी मोकळी चाललीय आणि माणूस उन्हातनं पाय ओढतोय, हे बरं दिसत नाही, एवढाच त्यातला हिशेब. एस.टी. राज्यात १९४८ साली सुरू झाली, पण आमच्या आतल्या रस्त्याला ती फार उशिरा लागली. लागली तीही सकाळी एक आणि सांजचं एक. पुणे-बेंगलोर रस्त्यावरचा फाटा गावापासून सहा किलोमीटर. दवाखाना, बाजार, कोर्टकचेरी सगळं त्या फाट्याच्या पलीकडं. म्हणून ह्या सहा किलोमीटरांत कोण कुणाला गाडीवर घेतं, ही आमच्याकडं साधी गोष्ट नव्हती.

पहिली गाडी आली ती राजदूत. मग एक येझदी, पुढं एका बागायतदाराची बुलेट. १९७२ पासून पुण्यात लुना निघायला लागली, ती मास्तरांनी घेतली. १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली. एका लिटरात ऐंशी किलोमीटर पळते, ह्या बोलीवर लोकांनी उसाच्या बिलातनं गाड्या घेतल्या. दूधवाल्यांनी एम-एटी घेतल्या, दोन्ही अंगाला किटल्या लटकवल्या. दहा-बारा वर्षांत गल्लीगल्लीत फटफट सुरू झाली आणि फाट्यावर उभं राहून हात करायची रीत पडली.

ह्या रीतीला कायदे होते. म्हाताऱ्याला पहिला मान. शाळेच्या पोराला नाही म्हणायचं नाही. बाईमाणसानं हात केला तर तिच्याबरोबरचं पोर मधी बसायचं. पोर नसलं तर पिशवी मधी यायची. सगळ्यात मोठा कायदा नात्याचा. "दादा, गावापातूर सोडता का?" असं तिनं म्हटलं आणि "बसा वैनी" असं उत्तर आलं, की तिथं सगळं ठरलं. मावशी, आक्का, वैनी, पोरी ह्यातलं एक नाव दिल्याशिवाय कुणी गाडी पुढं काढत नव्हतं. पैसे कुणी देत नव्हतं, मागत नव्हतं. फार तर उतरताना पिशवीतली दोन वांगी हातावर ठेवली जायची. पैसे घेऊन माणसं न्यायला पुढं वडापच्या जीपा आल्या. त्यांचा धर्म वेगळा.

पण अनोळखी बाईनं हात केला तर? ह्या प्रश्नाला गावाकडं आधीपासून एक उत्तर तयार होतं, ते म्हणजे हडळ. ओढ्याजवळच्या चिंचेखाली पांढऱ्या लुगड्यातली बाई उभी असते, हात करते, मागं बसते, गाडी जड लागायला लागते, वळून बघावं तर पाय उलटे. राजदूतच्या काळात ही गोष्ट सांगणारा प्रत्येक गावात एकजण होता. त्याच्या आधी हीच हडळ बैलगाडीत बसायची. म्हणजे वाहन बदललं तशी तीही बदलत गेली. एक मात्र बदललं नाही. रस्त्यावर एकटी उभी राहिलेली बाई, मग ती कुठल्याही कामानं उभी असो, भ्यायची गोष्ट ठरली.

हडळीनंतर तिच्या जागी रोग आला.

तसले रोग आमच्या लोकांना नवीन नव्हते. गरमी, परमा ही नावं जुन्या माणसांच्या तोंडात होती. एस.टी. स्टँडच्या मुतारीच्या भिंती गुप्तरोगाच्या डॉक्टरांच्या जाहिरातींनी भरलेल्या असायच्या. सरकारनं १९६८ ला पाच पैशाला एक असा निरोध काढला, तो कुटुंबनियोजनासाठी. लाल त्रिकोणाची ती पाकिटं गावात आली आणि पोरांनी त्यांचे फुगे करून उडवले. मोठ्या माणसांना त्याचं नाव घ्यायची लाज वाटायची, म्हणून ते चेष्टेत घ्यायचे. आमच्याकडं अवघड गोष्ट कट्ट्यावर येते ती चेष्टेच्याच वाटेनं.

१९८६ साली मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन ह्या बाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थिनीनं काही बायांचं रक्त तपासलं आणि एड्सचा विषाणू भारतात पोचल्याचं पहिल्यांदा सिद्ध झालं. ह्या सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. आमच्याकडं त्याची खबर नव्हती. पण रस्ता होता. आमच्या भागातली माणसं रस्त्यावर जगणारी. ट्रकवर ड्रायव्हर-क्लीनर, मुंबईत गिरणीत नाहीतर माथाडीत. खानापूर-आटपाडीकडची पोरं सोन्याचांदीच्या गलाईला थेट कलकत्ता, दिल्ली, केरळापर्यंत गेलेली. वर्ष-वर्ष घरापासून लांब. १९९० नंतरच्या दहा वर्षांत सांगली जिल्हा एड्सच्या बाबतीत देशातल्या जास्त धोक्याच्या जिल्ह्यांत मोजला जायला लागला.

कट्ट्यावर त्याचा विनोद झाला आणि तो विनोद मोटारसायकलीच्या मागच्या शिटावर जाऊन बसला. कुणी फाट्यावरनं बाई सोडून आला की विचारायचे, "कोण रं हुती?" "हुती एक पावणी." "मग उद्या रगात तपासून ये." की हशा. दुसरा म्हणायचा, "वरचं हेल्मेट नसलं तर पोलीस पावती फाडतोय, खालचं नसलं तर यम." ढाब्यावर तर एक पुरी गोष्टच फिरायची. एका गाडीवाल्याला रात्री हायवेवर देखणी बाई हात करते. तो तिला घेतो, लॉजवर जातात. सकाळी बाई नाही, आणि आरशावर लिपस्टिकनं लिहिलेलं असतं की आता तूही आमच्यातला झालास. सांगणारा शपथेवर सांगायचा की हे कराडच्या अलीकडं घडलं. कोल्हापूरकडचे लोक किणीच्या नाक्यावर घडलं म्हणायचे. हीच गोष्ट १९८० नंतरच्या सालांत अमेरिकेतही अशीच, आरसा आणि लिपस्टिकसकट, सांगितली जात होती. हडळीला फक्त लिपस्टिक लावली होती.

ह्या सगळ्या विनोदांत एक गंमत होती. त्यात रोग नेहमी मागं बसलेला असायचा. पुढं हँडल धरलेला पुरुष बिचारा साधाभोळा, दया करून फसलेला. आमच्या पंचक्रोशीत ह्या रोगानं माणसं गेली, त्यांतलं एकही असं फाट्यावरच्या बाईला सोडायला जाऊन गेलं नाही. ती ट्रकवरनं, मुंबईवरनं, परगावच्या खोलीवरनं रोग घेऊन आली आणि त्यांच्या घरधनिणींना तो उंबऱ्याच्या आत मिळाला. ज्या बायांना कट्टा नावं ठेवत होता, त्यांनी तर आमच्या आधी हात-पाय हलवले. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' ही संस्था गोकुळनगरच्या बायांबरोबर काम करत होती. निरोध वाटायचा, एकीनं दुसरीला शिकवायचं, गिऱ्हाईक निरोधाला नाही म्हणालं तर त्याला परत पाठवायचं, हे त्या बायांनीच चालवलं. १९९६ ला त्यांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. कट्टा तोवर रक्त तपासायच्या चेष्टेतच होता, खरंखुरं तपासायला कुणी जात नव्हतं.

ही चेष्टा कुणाला लागली ते सांगतो. आमच्या गावात एक वैनी आहेत. नाव सांगत नाही. नवरा ट्रकवर होता. वाळत गेला, ताप हटेना, जुलाब थांबेना, १९९८ च्या पावसाळ्यात गेला. तेराव्याच्या आतच गावात कुजबुज झाली. मग वैनींचंही रक्त तपासलं, तेही तसलंच निघालं. पदरात सहा वर्षांचं पोर. पोर मात्र बचावलं होतं. त्यांना दवाखान्याला सारखं जावं लागायचं. परत येताना त्या फाट्यावर उभ्या राहायच्या. गाडी लांबून दिसली की हात करायच्या. गाडी हळू व्हायची, चेहरा ओळखू आला की पुन्हा वेग घ्यायची. एकदा एकजण जाता जाता म्हणाला, "नगं बाबा, शीट धुवावं लागंल." मागं बसलेला दोस्त हसला. त्या सहा किलोमीटर चालत आल्या, आणि पुढं दोन-अडीच वर्षं चालतच येत राहिल्या. कधीकधी वाटेत मैलाच्या दगडावर बसलेल्या दिसायच्या.

त्यांना गाडीवर घेतलं ते दूधवाल्या आण्णांनी. आण्णा तिसरी शिकलेले. दूध घालून परत येताना त्यांची एम-एटी मोकळ्या किटल्या वाजवत यायची. वैनी दिसल्या की ते थांबायचे. "बस गं पोरी. किटलीला धर." कुणीतरी त्यांना रस्त्यात गाठून समजावलं. आण्णा म्हणाले, "डाक्टर तिचा हात हातात धरतोय, नाडी बघतोय. त्याला काय हुईना, मग मला किटलीतनं काय हुतंय?" गावानं त्याचा वचपा काढला. रतिबाची आठ-नऊ घरं सुटली. एका घरी तर ओतलेलं दूध त्यांच्या डोळ्यांदेखत मोरीत गेलं. आण्णांची ती घरं परत जुळली नाहीत. त्यांनी एक म्हैस विकली, पण गाडी थांबवायची सोडली नाही.

आण्णांचा हिशेब अगदी बरोबर होता. एकाच शिटावर बसून, घाम लागून, खांदा धरून, एका तांब्यानं पाणी पिऊन, डास चावून हा रोग लागत नाही. निरोधाशिवायचा संबंध, दूषित रक्त, एकाची सुई दुसऱ्याला, आणि आईकडनं पोटातल्या किंवा अंगावर पिणाऱ्या बाळाला, एवढ्याच त्याच्या वाटा. भिंतीवर, रेडिओवर हे सांगितलं जात होतं. पण कट्ट्यावरचा एक विनोद भिंतीवरच्या दहा ओळींना भारी पडायचा, कारण तो हसवत होता आणि भिंत नुसतीच सांगत होती.

१ एप्रिल २००४ पासून सरकारनं ह्या रोगाची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. आधी मोठ्या शहरांतल्या मोजक्या सरकारी दवाखान्यांत, मग जिल्ह्याजिल्ह्याला. वैनींना ती वेळेत मिळाली. रोज न चुकता गोळी घेतली की विषाणू दबून राहतो, माणूस कामधंदा करतो, म्हातारा होतो. पुरता दबला तर त्याच्याकडनं जोडीदारालाही रोग जात नाही. हे त्यांच्या नवऱ्याच्या वेळी असतं तर, असा विचार मनात येतोच. २०१७ ला कायदाही झाला आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरात तो लागू झाला. ह्या रोगाच्या माणसाला नोकरीत, शाळेत, दवाखान्यात, भाड्याच्या घरात वेगळं वागवायला कायद्यानं बंदी आली. फाट्यावरच्या मोटारसायकलीला कायदा कुठनं लावणार? तिथं ज्याचं त्यानंच ठरवायचं असतं.

आता घराघरात दोन-दोन गाड्या आहेत. पोरी स्कूटीवरनं कॉलेजला जातात. फाट्यावर हात करणारं माणूस क्वचित दिसतं. दिसलं तरी लोक थांबत नाहीत. आता भीती चोरांची, आणि व्हिडिओ काढून पैसे मागणाऱ्यांची. गोष्टी त्याही ढाब्यावरच तयार होतात आणि त्यांतही बहुतेकदा एक बाईच उभी असते.

आण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. वैनी साठीकडं आल्या आहेत. रोजगाराला जातात, महिन्याला गोळ्या आणतात. मुलगा कमावता झाला, तो नेतो-आणतो. तो नसला की शेजारपाजारचं कुणीही नेतं, आता कुणी नाही म्हणत नाही. तरी गाडी समोर उभी राहिली की त्या लगेच पुढं होत नाहीत. पदर सावरून आधी विचारतात, "बसू न्हवं?" गाडीवाला हो म्हणाला की बसतात, आणि त्याच्या खांद्याला हात न लावता मागच्या कॅरेजची लोखंडी कडी घट्ट धरतात.