दापोडीच्या बागेतली वनस्पतिचित्रे

पुण्याजवळच्या दापोडीत सरकारी वनस्पतिउद्यान असताना १८४७ ते १८५० या काळात तेथे वनस्पतींची जलरंगचित्रे काढली गेली. त्यांतली सुमारे १७० चित्रे आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. इंग्रज दापोडीला ‘दापुरी’ म्हणत, म्हणून संग्रहालाही तेच नाव पडले.

दापोडीचा बंगला मूळचा कॅप्टन फोर्डचा. पेशव्यांच्या चाकरीतला हा इंग्रज अधिकारी १८१७ च्या खडकीच्या लढाईत आपली कवायती पलटण घेऊन इंग्रजांना मिळाला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये ही जागा सरकारसाठी घेतली आणि आवारात बाग उभी राहिली. १८३८ मध्ये ती डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आली. देवीची लस टोचण्याच्या कामामुळे या स्कॉटिश डॉक्टरांना दख्खनची खेडी आणि झाडझाडोरा दोन्ही ठाऊक झाले होते. औषधी व उपयुक्त झाडे वाढवणे हे बागेचे मुख्य काम. १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. चित्रांची सुरुवातही त्याच वर्षीची.

दाबून वाळवलेल्या नमुन्यात पानाचा आकार टिकतो, पण फुलाचा रंग उडतो. आमरी, रानहळद यांसारख्या मांसल वनस्पतींचे तर रूपच बिघडते. चित्र ही उणीव भरून काढते. देठावरची लव, पाकळीवरच्या शिरा, कळीपासून फळापर्यंतच्या अवस्था एकाच कागदावर दाखवता येतात. चित्रकार मारिया सिबिला मेरियन यांनी १७०५ च्या सुरिनाममधील कीटकांवरच्या ग्रंथात झाड आणि त्यावर जगणारी अळी एकत्र रंगवली होती. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या चित्रांत मात्र सहसा कीटक नसतात, भोवतालचे रानही नसते. कोऱ्या कागदावर फांदी एकटीच. दापोडीच्या संग्रहात देशी झाडांबरोबर बाहेरून आणून लावलेलीही आहेत, त्यामुळे त्या बागेत काय काय रुजले होते याची ती नोंदच झाली आहे.

गिब्सन यांच्यासाठी काम करणारा चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता. पण त्याचे नाव टिकले नाही; संग्रह ओळखला जातो तो जागेच्या आणि गिब्सन यांच्या नावाने. पुण्याला असे कौशल्य नवे नव्हते. १७९० च्या दशकात गंगाराम तांबट यांनी ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी वेरूळची लेणी आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा रेखाटला होता, आणि त्यांचे नाव मात्र टिकले.

डाल्झेल व गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये निघाला तो चित्रांविना. पुढे दापोडीच्या बंगल्यातले गव्हर्नरचे निवासस्थान गणेशखिंडीत गेले आणि दापोडीची बाग मोडली. हेन्री नॉल्टी यांनी २००२ मध्ये या चित्रांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.