'जंगल कार्बाइन' : रूपांतरित लष्करी रायफलीची ओळख आणि ऐतिहासिक पुराव्याचा प्रश्न

प्रस्तावना :

इतिहासलेखनात कागदपत्रांइतकेच महत्त्व भौतिक साधनांना आहे. नाणी, शिलालेख व ताम्रपट यांच्या सत्यासत्यतेची चर्चा मराठी संशोधनात विपुल झालेली आहे. परंतु आधुनिक काळातील शस्त्रांच्या बाबतीत ती फारशी झालेली नाही. जुनी लष्करी रायफल विक्रीस येते, तेव्हा तिच्यासोबत बहुधा एक कथाही येते आणि वस्तूची किंमत त्या कथेवर ठरते. दुसऱ्या महायुद्धातील ब्रह्मदेशाच्या आघाडीशी जोडली जाणारी 'जंगल कार्बाइन' हे याचे ठळक उदाहरण होय. या नावाने विकल्या गेलेल्या अनेक रायफली मुळात वेगळ्याच असून नंतर कापून-छाटून तयार केलेल्या आहेत. अस्सल व रूपांतरित रायफल कशी ओळखावी आणि या ओळखीचा भारतीय सैनिकांच्या इतिहासाशी काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे :

1. अस्सल 'नंबर 5 मार्क 1' रायफलीची ओळखचिन्हे स्पष्ट करणे.
2. रूपांतरित रायफलींचे प्रकार व त्यामागील कारणे तपासणे.
3. विक्रेत्याची कथा व वस्तूचा पुरावा यांतील विसंगतीचे ऐतिहासिक परिणाम पाहणे.

अस्सल रायफलीचे स्वरूप :

ब्रिटिश सैन्याची .303 बोअरची ली-एनफील्ड 'नंबर 4' ही रायफल सुमारे चार किलो वजनाची व 25 इंचांहून थोड्या अधिक लांबीच्या नळीची होती. घनदाट जंगलात ती जड व लांब पडत असे. त्यामुळे तिची हलकी आवृत्ती तयार करण्यात आली, ती 'नंबर 5 मार्क 1'. इंग्लंडमधील फझाकर्ली येथील सरकारी कारखान्यात व बी.एस.ए. कंपनीच्या शर्ली येथील कारखान्यात 1944 ते 1947 या काळात अशा सुमारे अडीच लाख रायफली तयार झाल्या. 'जंगल कार्बाइन' हे तिचे अधिकृत नाव नव्हते. ते लोकव्यवहारात रूढ झाले.

तिची नळी सुमारे 19 इंचांची असून वजन सव्वातीन किलोच्या आसपास आहे. नळीच्या टोकाला शंकूच्या आकाराचा फ्लॅश हायडर, दस्त्याच्या मागे रबराची गादी आणि आखूड लाकूडकाम ही लक्षणे सहज दिसतात. नक्कल करणाऱ्याने प्रथम हीच उचलली. खरी परीक्षा न दिसणाऱ्या भागांत आहे. वजन घटवण्यासाठी कारखान्याने रायफलीच्या मुख्य सांगाड्यातील धातू कोरून काढला होता. नळीच्या मागील जाड भागावरही, लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या ठिकाणी, खाचा पाडल्या होत्या. मागील नेमपट्टीवर 800 यार्डांपर्यंतचे आकडे आहेत, तर 'नंबर 4'च्या पट्टीवर ते 1300 पर्यंत जातात. सांगाड्याच्या डाव्या बाजूस रायफलीचे नाव, कारखान्याची खूण व निर्मितीचा काळ विद्युत लेखणीने कोरलेला असतो. नेमपट्टी बदलता येते आणि खूणही नव्याने कोरता येते. म्हणून एका लक्षणावर निर्णय न देता सर्व लक्षणे एकत्र तपासावी लागतात. 'नंबर 4'ची नळी कापून फ्लॅश हायडर बसवला, तरी कारखान्यातील त्या खाचा तिथे आढळत नाहीत.

रूपांतराचे तीन प्रकार :

पहिला प्रकार अधिकृत रूपांतराचा. बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यात ब्रिटिश काळात काही .303 रायफलींची नळी .410 बोअरची व गुळगुळीत करण्यात आली. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवून त्या एकेरी बाराच्या केल्या गेल्या व पोलीस, तुरुंग पहारेकरी यांच्याकडे दिल्या गेल्या. असे रूपांतर हा शासकीय धोरणाचाच पुरावा आहे.

दुसरा प्रकार व्यापारी रूपांतराचा. महायुद्धानंतर बाद ठरलेल्या रायफली अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर गेल्या. कॅलिफोर्नियातील गोल्डन स्टेट आर्म्स या कंपनीने 'नंबर 4' आखूड करून 'सांता फे जंगल कार्बाइन' या नावाने शिकारी ग्राहकांना विकल्या. पुढे गिब्ज रायफल कंपनीने 'नंबर 7 जंगल कार्बाइन' बाजारात आणली. ब्रिटिश सैन्यात 'नंबर 7' हे नाव .22 बोअरच्या सराव रायफलीचे होते. गिब्जची रायफल मुळात इशापूरची '2ए' मालिकेतील भारतीय रायफल होती. ही 7.62 मिलिमीटरची रायफल 1960च्या दशकात, म्हणजे ब्रह्मदेशातील युद्धानंतर जवळजवळ दोन दशकांनी, भारतात घडवली गेली. तिचे चौकोनी मॅगझिन आणि दस्त्याजवळील पट्टीवरील 'आर.एफ.आय.' ही अक्षरे व वर्ष तिचे जन्मस्थान सांगतात. या कंपन्यांनी आपला माल स्वतःच्या नावाने विकला. त्यास फसवणूक म्हणता येणार नाही.

तिसरा प्रकार कथेच्या रूपांतराचा. वस्तू दोन-तीन हातांतून फिरली की कंपनीचे नाव मागे पडते आणि 'चिंडिट सैनिकाने वापरलेली' असे वर्णन तिला चिकटते. चिंडिटांची पहिली मोहीम 1943 मध्ये झाली, तेव्हा 'नंबर 5'चे उत्पादनच सुरू झालेले नव्हते. 1944च्या मार्चमध्ये दुसऱ्या मोहिमेला व इंफाळ-कोहिमाच्या लढायांना प्रारंभ झाला, तेव्हाही ही रायफल सैनिकांच्या हाती पोहोचणे शक्य नव्हते. 1946 किंवा 1947चे वर्ष कोरलेल्या रायफलीविषयी तर चर्चेचीही गरज उरत नाही. ऑगस्ट 1945 मध्येच जपानने शरणागती जाहीर केली होती. या रायफलीचा जंगलातील दीर्घ वापर मुख्यतः 1948 नंतरच्या मलायातील संघर्षात झाला.

प्रश्नाचे महत्त्व :

ही बाब केवळ संग्राहकाच्या नफा-तोट्याची नाही. ब्रह्मदेशात लढलेल्या चौदाव्या सैन्यात भारतीय सैनिकांचे प्रमाण फार मोठे होते. त्यांच्यापैकी बहुसंख्य पायदळी सैनिकांच्या हाती होती ती जुन्या घडणीची, चपट्या तोंडाची 'नंबर 1 मार्क 3' रायफल. युद्धकाळातील इशापूरच्या रायफलींवर राजमुकुट, 'जी.आर.आय.' ही अक्षरे, 'इशापूर' हे नाव व वर्ष आढळते. ती लांब होती, जड होती आणि तिला आकर्षक टोपणनाव नव्हते. खोट्या कथेमुळे 'जंगलातील युद्धाचे शस्त्र' म्हणून काचेच्या कपाटात आखूड कार्बाइन येते आणि तीच लढाई प्रत्यक्ष लढलेली भारतीय बनावटीची रायफल सामान्य म्हणून दुर्लक्षित राहते. दुसरीकडे, स्वतंत्र भारताच्या शस्त्रनिर्मितीचा पुरावा असलेली '2ए' रायफल ब्रिटिश वेषात उभी केली जाते. अशा रीतीने एकाच कथेमुळे भारतीय इतिहासाची दोन पाने झाकली जातात.

निष्कर्ष :

1. तोंडी कथा हा तपासाचा आरंभ ठरू शकतो, पुरावा नव्हे. निर्मितीचे वर्ष व सांगितलेल्या घटनेचे वर्ष यांचा मेळ प्रथम पाहिला पाहिजे.
2. सहज बदलता येणाऱ्या भागांपेक्षा मूळ सांगाडा व नळी यांवरील कारखान्याचे काम अधिक विश्वसनीय असते.
3. रूपांतरित रायफल निरुपयोगी ठरत नाही. ती युद्धोत्तर शस्त्रव्यापाराचे अस्सल साधन आहे. मात्र तिची नोंद त्याच नावाने झाली पाहिजे.
4. संग्रहालयांनी नोंदवहीत वस्तूचे प्रत्यक्ष वर्णन व देणाऱ्याने सांगितलेली माहिती स्वतंत्र रकान्यांत लिहावी. या दोहोंची सरमिसळ टळली, तर पुढील अभ्यासकाला वस्तूकडे नव्याने पाहण्याची वाट मोकळी राहील.