एचआयव्ही औषधसेवा, ग्रामीण समुदायाधारित

एचआयव्हीबाधित व्यक्तींना आयुष्यभर घ्याव्या लागणाऱ्या गोळ्या केवळ मोठ्या रुग्णालयातून न देता गावात, वस्तीवर किंवा जवळच्या लहान आरोग्यकेंद्रात मिळण्याची सोय करणे आणि त्या कामात स्वतः बाधित व्यक्ती, त्यांच्या संघटना व गावपातळीवरील कार्यकर्ते यांना जबाबदारीचा वाटा देणे, या व्यवस्थेला समुदायाधारित औषधसेवा असे म्हणतात. तीत रोगनिदान, उपचाराची सुरुवात आणि गुंतागुंतीची प्रकरणे डॉक्टरांकडेच राहतात. ज्यांची प्रकृती स्थिरावली आहे त्यांच्यापर्यंत औषध पोहोचविणे, ते नियमित घेतले जाते की नाही हे पाहणे आणि कोणी वाटेत गळाले तर त्याचा शोध घेणे, एवढे काम समुदायाकडे येते.

या व्यवस्थेची गरज औषधाच्या स्वरूपातूनच निर्माण होते. विषाणुरोधक उपचार, म्हणजेच सर्वत्र रूढ झालेल्या संक्षेपाने एआरटी, शरीरातील विषाणूंची वाढ रोखतो, पण त्यांना समूळ नष्ट करीत नाही. म्हणून गोळ्या थांबल्या की विषाणू पुन्हा वाढू लागतात, आणि त्या अधूनमधून चुकत राहिल्या तर औषधाला न जुमानणारे विषाणू तयार होण्याचा धोका असतो. हल्ली भारतासह अनेक देशांत टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे एकाच गोळीत मिळतात व ती दिवसातून एकदा घ्यावी लागते. ती नियमित घेणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण, म्हणजे विषाणूभार, तपासणीत सापडू नये इतके खाली येते आणि तसे टिकले तर लैंगिक संबंधातून संसर्ग पुढे जात नाही. अशी व्यक्ती शेतात राबते, संसार करते, तिला डॉक्टरची गरज क्वचितच पडते, मात्र गोळीची गरज रोज पडते. सरकारी आरोग्ययंत्रणा मात्र आजारी माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असल्याने ती प्रकृती ठणठणीत असलेल्या माणसालाही रुग्णासारखे दरमहा रांगेत उभे करते.

औषधाची किंमत हा पहिला अडसर बऱ्याच अंशी मुंबईतून दूर झाला. एका रुग्णाच्या वर्षभराच्या उपचाराला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असताना फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला कंपनीचे प्रमुख युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा संच वर्षाला ३५० डॉलरमध्ये ‘मेदसां सां फ्राँतिएर’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेला देऊ केला, आणि त्यानंतर भारतीय कारखान्यांतील गोळ्या आफ्रिकेतील उपचार कार्यक्रमांचा आधार बनल्या. गोळी स्वस्त झाली, सरकारांनी ती मोफत केली, तरी ती आणण्याचा खर्च रुग्णाच्याच माथी राहिला. बुडालेली मजुरी, गाडीभाडे, घरी मागे ठेवलेली मुले आणि ‘दर महिन्याला कुठे जातेस?’ या शेजाऱ्यांच्या प्रश्नाला द्यावे लागणारे उत्तर, हे सगळे त्या खर्चात येते.

ग्रामीण भागातील सर्वांत बारकाईने अभ्यासला गेलेला प्रयोग मोझांबिकच्या टेटे प्रांतात झाला. झांबेझी नदीकाठचा हा प्रांत मलावी, झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमांना भिडलेला आहे. १९९२ मध्ये संपलेल्या दीर्घ यादवीने तेथील आरोग्ययंत्रणा खिळखिळी केली होती, डॉक्टर व परिचारिका मोजक्या होत्या आणि दूरवरून चालत येणारे रुग्ण काही महिन्यांतच येईनासे होत. २००८ मध्ये आरोग्य खाते आणि मेदसां सां फ्राँतिएर यांनी रुग्णांनाच आपापले गट करण्यास सुचविले. किमान सहा महिने उपचार घेतलेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या जास्तीत जास्त सहा जणांचा एक गट होई. दरमहा औषध आणण्याच्या आधी गट एकत्र बसे, प्रत्येकाच्या उरलेल्या गोळ्या मोजल्या जात, कोणाला ताप, खोकला किंवा वजनात घट आहे का हे विचारले जाई आणि गटाच्या कार्डावर त्याची नोंद होई. मग पाळीप्रमाणे एक सदस्य ते कार्ड घेऊन आरोग्यकेंद्रात जाई, स्वतःची तपासणी करून घेई, इतरांची हकिगत सांगे आणि सर्वांच्या गोळ्या घेऊन परते. सहा जणांच्या गटात अशा रीतीने प्रत्येकाला वर्षातून दोनच खेपा पडत आणि त्या दोन खेपांतच त्याची स्वतःची वैद्यकीय तपासणीही होऊन जाई.

या गटांविषयी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २९१ गटांतील १,३८४ सदस्यांची माहिती होती. इतर केंद्रांत बदली झालेले ८३ जण वगळता उरलेल्या १,३०१ पैकी १,२६९ जण, म्हणजे ९७.५ टक्के, उपचारात टिकून होते. ३० जणांचा मृत्यू झाला होता आणि ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही असे फक्त दोघे होते. गटात येणारे लोक मुळातच स्थिर प्रकृतीचे व उपचाराची सवय झालेले असल्याने या आकड्यांची तुलना सर्वसाधारण रुग्णांशी सरळ करता येत नाही, ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. तरीही दोनच माणसे हरवणे ही लहान गोष्ट नव्हे, कारण शेजारी राहणाऱ्या गटसदस्याला एखाद्याची अनुपस्थिती त्याच आठवड्यात कळते, तर रुग्णालयाच्या नोंदवहीत ती अनेकदा महिन्यांनी उमटते.

युगांडाच्या जिंजा जिल्ह्यात वेगळा मार्ग चोखाळला गेला. तेथे ‘टासो’ या १९८७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे प्रशिक्षित, परंतु डॉक्टर वा परिचारिका नसलेले कार्यकर्ते मोटारसायकलवरून घरोघरी गोळ्या पोहोचवीत. १,४५३ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत, जिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, घरपोच सेवा आणि दवाखान्यातील सेवा या दोन्हींत उपचार अपयशी ठरण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्थिर रुग्णांना एका वेळी तीन ते सहा महिन्यांची औषधे देण्याची शिफारस केली, त्यामागे आफ्रिकेतील असा अनुभव होता.

भारतात मोफत एआरटीचा आरंभ १ एप्रिल २००४ रोजी आठ सरकारी रुग्णालयांतून झाला आणि मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक होते. पुढे वैद्यकीय महाविद्यालये व जिल्हा रुग्णालयांत एआरटी केंद्रे उघडली, आणि अंतर कमी करण्यासाठी उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांतील एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रांना जोडून लिंक एआरटी केंद्रे सुरू झाली. लिंक केंद्रात मुख्य केंद्राकडून पाठविलेल्या स्थिर रुग्णांना गोळ्या मिळतात आणि तक्रार उद्भवल्यास त्यांना पुन्हा मुख्य केंद्राकडे धाडले जाते. २०१३ पासून ‘विहान’ या कार्यक्रमाखाली बाधित व्यक्तींच्या जिल्हा संघटनांना आधार-केंद्रे चालविण्यास देण्यात आली. त्यांतील क्षेत्रकार्यकर्ते, जे पुष्कळदा स्वतः गोळ्या घेत असतात, औषध सोडलेल्यांच्या घरी जाऊन त्यांना परत आणतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत बस बंद पडल्या तेव्हा अनेक महिन्यांच्या गोळ्या एकदम देणे आणि कार्यकर्त्यांकरवी त्या घरी पोहोचविणे अपरिहार्य झाले, आणि जे आधी नियमात बसवायला जड जात होते ते व्यवहारात शक्य आहे असे दिसून आले.

महाराष्ट्रात हा विषय विशेष निकडीचा आहे, कारण २०२३ च्या अंदाजानुसार देशातील २५ लाखांहून अधिक बाधितांपैकी सुमारे ४ लाख या एका राज्यात असून ही संख्या इतर कोणत्याही राज्यापेक्षा अधिक आहे. येथील ग्रामीण प्रश्नाला स्थलांतराची जोड आहे. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि हंगाम संपेपर्यंत फडावर राहतात. ज्याचे नाव गावाकडच्या केंद्रात आहे, त्याला निघण्यापूर्वी हंगामभर पुरतील एवढ्या गोळ्या मिळाल्या नाहीत, किंवा जिथे टोळी जाणार तेथील केंद्राला आधी कळविले गेले नाही, तर उपचार तुटतो. आणि मुकादमाकडे दर महिन्याला सुट्टी मागणे म्हणजे आजार उघड करणे असते.

आजार उघड होण्याची हीच भीती समुदायाधारित सेवेची सर्वांत कठीण बाजू आहे. टेटेतील गट परस्परांना आपली बाधा माहीत असण्यावर उभे होते. महाराष्ट्रातील अनेक गावांत मात्र बाधित व्यक्ती तालुक्याचे जवळचे केंद्र सोडून मुद्दाम दूरच्या जिल्ह्यात नाव नोंदवितात, कारण जवळच्या केंद्राच्या बाकावर भावकीतले कोणी भेटण्याची शक्यता असते. विधवेला सासरच्या जमिनीतला वाटा नाकारला जाणे किंवा मुलामुलींची सोयरीक मोडणे, या संकटांशी त्या निर्णयाचा संबंध असतो, तेव्हा त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. एसटीची मोफत प्रवासाची सवलतही याच कारणाने सर्वांना वापरता येत नाही, कारण त्यासाठी वाहकाला ओळखपत्र दाखवावे लागते. आशा कार्यकर्तीने गोळ्या घरी द्याव्यात ही सूचना कागदावर सोपी वाटते. पण आशा त्याच गावची सून असते आणि तिचे एका विशिष्ट घरी नियमाने जाणे लोकांच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून जवळचे केंद्र, दूरचे केंद्र, घरपोच गोळ्या किंवा गट यांपैकी काय निवडायचे हा अधिकार रुग्णाकडेच असणे ही सेवेची पूर्वअट मानली पाहिजे. सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’ संस्थेच्या अनुभवाने या बाबतीत मोलाची दिशा दाखविली आहे: तेथे वेश्याव्यवसायातील स्त्रियांनीच आपापसांत प्रतिबंधाचे काम उभे केले, कारण त्या वस्तीत गुप्तता आणि विश्वास कोणामुळे टिकतो हे बाहेरच्या यंत्रणेपेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक होते.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम २०१७ मध्ये संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीशिवाय एखाद्याची बाधा उघड करण्यास आणि रोजगार, शिक्षण वा उपचारात भेदभाव करण्यास त्याने मनाई केली असून, ही मनाई सरकारी कर्मचाऱ्याइतकीच गोळ्या पोहोचविणाऱ्या कार्यकर्त्यालाही बांधून ठेवते. एआरटी पुरविण्याचे सरकारचे कर्तव्य मात्र त्यात ‘शक्य असेल तितपत’ या मर्यादेसह घातले गेले, आणि रुग्णांच्या संघटनांनी या शब्दांवर घेतलेला आक्षेप रास्त होता. आयुष्यभर रोज लागणाऱ्या औषधाच्या बाबतीत अशी पळवाट कायद्यात असू नये.

गोळ्या गावात पोहोचल्या तरी काही गोष्टी केंद्रातच राहतात. लहान मुलांची मात्रा वजनाप्रमाणे बदलते, गरोदर स्त्रीला आणि क्षयरोगाची बाधा जडलेल्याला जवळची देखरेख लागते. विषाणूभार तपासणीचा नमुना वेळेत व योग्य तापमानात प्रयोगशाळेत न्यावा लागतो आणि अहवाल परत गावातल्या माणसापर्यंत यावा लागतो. तो उशिरा आला तर निष्प्रभ ठरलेले औषध रुग्ण महिनोन्‌महिने इमानेइतबारे घेत राहतो. पैशाचा प्रश्नही वेगळा आहे. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यासाठी, २०२१ ते २०२६ या काळाकरिता, केंद्र सरकारने १५,४७१.९४ कोटी रुपयांची तरतूद केली, तर मोझांबिकसारख्या देशांचा कार्यक्रम बव्हंशी परदेशी मदतीवर चालतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक स्थगित केली तेव्हा औषधखरेदीला लवकर सवलत मिळाली, परंतु गावोगाव फिरणाऱ्या अनेक कार्यकर्त्यांचे मानधन थांबले.